पावसावर खापर फोडणं बंद करा

कोकणात पाऊस फार, डोंगर फार, माती ठिसूळ, म्हणून मुंबई-गोवा महामार्ग रखडला, असं आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आता कॉलेजात पोहोचली. २०२५ च्या गणपतीलाही चाकरमानी इंदापूर आणि माणगावच्या कोंडीत तासन्‌तास अडकले. जाब विचारला की बोट आभाळाकडे जातं. मी संगमेश्वर तालुक्यातला आहे, पाऊस म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. हे कारण खोटं आहे, आणि त्याचे पुरावे याच कोकणात उभे आहेत.

पहिला पुरावा कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा सलग मार्ग सुरू झाला. नव्वदहून अधिक बोगदे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच. हे सगळं याच पावसात झालं, याच जांभ्यात झालं, आणि आजच्या मानाने तुटपुंज्या यंत्रसामग्रीने झालं. भूसंपादनाची सबब मला सांगू नका. सातबाऱ्यावर पन्नास नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वारस कुठे आहेत ते भावकीलाही ठाऊक नाही, ही कोकणातल्या जमिनीची जुनी गत आहे. रेल्वेनेही अशाच सातबाऱ्यांवरून जमीन घेतली. त्यांच्याकडे ई. श्रीधरन होते, हे खरं. पण श्रीधरन यांच्या हाती निर्णयाचा अधिकार होता, आणि काम चुकलं तर कोणाला विचारायचं हे अख्ख्या देशाला माहीत होतं. महामार्गाबाबत कोणाला विचारायचं? पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा इंदापूर ते झाराप राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, त्यातही तुकड्या-तुकड्यांचे वेगळे ठेके. पेणचा माणूस एका दारात, लांज्याचा दुसऱ्या दारात, आणि प्रत्येक दारातून पुढचं दार दाखवलं जातं.

दुसरा पुरावा तर याच महामार्गावर आहे. तळगावपासून कणकवली, कुडाळ करत झारापपर्यंत जा. सिंधुदुर्गातला तो रस्ता आमच्या कितीतरी आधी चौपदरी झाला. त्यात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. कणकवलीत उड्डाणपुलाच्या जोडरस्त्याची भिंत कोसळली, ते सगळ्यांनी पाहिलं. पण रस्ता झाला. आता उत्तरेकडे या. आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे आमच्या वाट्याचे दोन टप्पे. ठेकेदार आले, अर्धवट खोदून गेले, नवे आले, पुन्हा मुदत मिळाली. सिंधुदुर्गात काय कमी पाऊस पडतो? तिथले डोंगर काय दुसऱ्या मातीचे आहेत? एकाच महामार्गाचे दोन तुकडे, एकाच हवामानातले. एक वापरात आला आणि दुसऱ्यावर वर्षानुवर्षं डायव्हर्जनच्या पाट्या राहिल्या, तर फरक निसर्गात नाही. फरक ठेका कोणाला दिला, त्याच्याकडे भांडवल होतं का, आणि तो काम टाकून बसला तेव्हा खात्याने त्याला किती काळ बसू दिलं, यात आहे.

तिसऱ्या पुराव्याबद्दल लिहिताना हात जड होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी माणसांसकट वाहून गेली. त्या गाड्यांत आमच्या भागातली माणसं होती. कित्येकांचे मृतदेह खाडीत खूप लांब सापडले, काहींचे सापडलेच नाहीत. त्यानंतर त्याच नदीवर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुलाही झाला. नीट वाचा, १६५ दिवस. म्हणजे या सरकारांना, या खात्याला, याच नदीवर वेळेत पूल बांधता येतो. फक्त त्याआधी माणसं मरावी लागतात. यापेक्षा कडक शब्द माझ्याकडे नाहीत.

आणि पाऊस नसतानाचं काय? १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणमध्ये बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर दिवसाढवळ्या खाली आले. ना पूर होता, ना दरड. जीव वाचले ते नशिबाने. पुढे आराखडा बदलून खांबांतलं अंतर कमी करायची वेळ आली. जो आराखडा पूल पडल्यावर बदलावा लागतो, तो आधी कोणी मंजूर केला? त्या सहीच्या माणसाचं नाव चिपळूणकरांना कळायला नको?

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. सरकारने तिथे मुदती लिहून दिल्या, त्याही उलटल्या. दरवर्षी श्रावण लागला की मंत्र्यांचे पाहणी दौरे निघतात, खड्ड्यांत खडी आणि पेव्हर ब्लॉक पडतात, गणपतीसाठी टोलमाफीचे पास वाटले जातात. मला या गणपतीपुरत्या जिव्हाळ्याची चीड येते. चाकरमानी आमचेच आहेत, त्यांनी सुखाने यावं. पण आम्ही इथे बाराही महिने राहतो. संगमेश्वरहून अडलेल्या बाळंतिणीला रत्नागिरीला न्यायचं तर हातखंब्यापर्यंत याच महामार्गावरून जावं लागतं. भर पावसात, अर्धवट पुलाशेजारच्या चिखलातून, रात्री, समोरून येणाऱ्या ट्रेलरचे दिवे डोळ्यांवर घेत. गाडीत मागे बसलेल्या सासूचा चेहरा ज्याने पाहिलाय, त्याला पाहणी दौऱ्याचे फोटो बघवत नाहीत. आंब्याच्या हंगामात वाशीला पेट्या नेणाऱ्या टेम्पोवाल्यांना विचारा, एक रात्र कोंडीत गेली की बाजारात दर काय मिळतो.

एका रस्त्यावर एवढा भार का आला, तेही बोललं पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीला समुद्राची वाट होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत माणसं उतरवत जायची. ती सेवा बंद पडू दिली. ७२० किलोमीटरचा किनारा असलेल्या राज्यात आज दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींचंच अप्रूप उरलंय. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची, आणि मोठ्या खाड्यांवरचे पूल अजून व्हायचेत. रेल्वे आली, पण आजही जवळजवळ सगळी एकेरी. रोहा ते वीर हे जेमतेम ४७ किलोमीटर दुहेरी झाले, तेही २०२१ मध्ये. रत्नागिरीहून दादरला जाणारी पॅसेंजर कोरोनात बंद झाली आणि परत आली ती दिव्यापुरती. सामान आणि लेकरं घेऊन दिव्याला उतरून लोकल पकडायची, हा कोकणी माणसाचा रेल्वेप्रवास. ज्या रेल्वेत महाराष्ट्राने २२ टक्के भांडवल घातलं, तिथे आमच्यासाठी एक गाडी दादरला पोहोचवता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

राज्याला मोठे रस्ते जमत नाहीत असंही नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्यानंतर सुचला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे सरकारची इच्छा होती, पैसा होता, एकच यंत्रणा होती. आता नवे नकाशे आलेत, कोकण द्रुतगती महामार्ग, शक्तिपीठ महामार्ग. नव्या मोजण्या, नव्या बागा कापल्या जाणार, नवे डोंगर फोडले जाणार. जुन्या रस्त्याचा हिशेब न देता नवी जमीन मागायचा अधिकार या सरकारला कोणी दिला? पनवेल ते झाराप प्रत्येक टप्प्याची मूळ मुदत, मूळ खर्च, वाढलेला खर्च, ठेकेदार आणि मुदतवाढीवर सही करणारा अधिकारी, हे सगळं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मगच मोजणीचा विषय काढा.

तोवर आमच्या गावच्या शिवेत मोजणीला परवानगी नको, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. मसुदा लिहून झालाय. शेजारच्या गावांनी तो मागितला तर नक्कल देईन.