विमानतळाची नोकरी आणि आपली साधी बीएस्सी

मित्रांनो, आज थोडी कबुली द्यायची आहे.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका एव्हिएशन अकॅडमीची जाहिरात आमच्या पेपरात आली होती. जाहिरातीसोबत बातमीही लागते, तुम्हाला माहीतच आहे. ती मीच लिहिली. 'ग्रामीण युवकांना हवाई क्षेत्रात सुवर्णसंधी' असा मथळा. कमिशन मिळालं, विषय संपला.

गेल्या आठवड्यात आष्टीच्या स्टँडवर एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हणाले, "भाऊ, तुम्हीच छापलं होतं की." ती बातमी वाचून त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मुलीला तिथं टाकलं होतं. पोरगी बारावी सायन्स, गणित घेऊन पास झालेली. तिला टॉवरमध्ये बसायचं होतं, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं होतं. अकॅडमीवाल्यांनी "याच डिप्लोम्यावर होतं" असं सांगितलं. आज ती संभाजीनगरात कापड दुकानात बिलं फाडते. कर्ज अजून चालूच आहे.

म्हणून जे तेव्हा विचारायला पाहिजे होतं ते आता विचारलं. एअरपोर्ट अथॉरिटीच्या भरतीच्या जाहिराती काढून वाचल्या. उत्तर सगळं तिथंच होतं, फुकट.

ज्युनियर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) या पदाला एव्हिएशनचा डिप्लोमा लागतच नाही. बीबीए एव्हिएशनही चालत नाही. लागते फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन केलेली रेग्युलर बीएस्सी, नाहीतर एखाद्या सेमिस्टरला हे दोन विषय असलेली इंजिनिअरिंगची पदवी. खुल्या गटाला वय २७ पर्यंत. २०२३ ला ४९६ जागा निघाल्या होत्या, २०२५ ला ३०९. पगार मूळ ४० हजारांपासून, सगळं धरून वर्षाला १३ लाखांच्या आसपास. मुलींना परीक्षेची फी माफ. पेपर १२० मार्कांचा, दोन तासांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. निम्मा पेपर फिजिक्स-मॅथ्सचा, निम्मा इंग्रजी, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान वगैरे. त्यानंतर आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मेडिकल.

आणि विमानं कशी सांभाळायची हे कोण शिकवतं? निवड झाल्यावर अथॉरिटी स्वतः शिकवते. प्रयागराजला १९४८ पासून त्यांचं कॉलेज आहे, हैदराबादला केंद्र आहे, आणि एक केंद्र आपल्याच महाराष्ट्रात, गोंदियाला आहे. तिथून पास झाल्यावर विमानतळावर सीनियरच्या शेजारी बसून काम शिकायचं, परीक्षा द्यायची, मग रेटिंग मिळतं. अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तिथं ठरावीक कॉलेजांतच कंट्रोलरचा अभ्यासक्रम असतो, आणि २०२४ पासून त्यातल्या काही कॉलेजांची मुलं सरकारी अकॅडमीत न जाता थेट कामावर शिकायला जाऊ शकतात. आपल्याकडं तसं कॉलेज नाही. आपल्याकडं या नोकरीचं कॉलेज म्हणजे तालुक्याचं सायन्स कॉलेज.

आता त्या कॉलेजांची अवस्था बघा. गणिताच्या वर्गात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी मुलं. शिकवणारे तासिका तत्त्वावर, मानधन कधी मिळेल त्याची खात्री नाही. "बीएस्सी करून काय होतंय" हे वाक्य मी स्वतः दहा वेळा बोललोय. त्यात नव्या धोरणाचं मेजर-मायनर आलं. मेजर फिजिक्स घेतलं आणि मायनरला केमिस्ट्री, तर पदवीत गणित राहिलंच कुठं? हे ॲडमिशनच्या खिडकीवर कुणी सांगतं का? तीन वर्षांनी फॉर्म भरताना कळून उपयोग काय?

दुसरी गोष्ट इंग्रजीची. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कझाकिस्तानचं विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. चौकशीत त्या वैमानिकांच्या कच्च्या इंग्रजीचाही मुद्दा आला. पुढं वैमानिक आणि कंट्रोलर दोघांनाही इंग्रजी बोलण्या-समजण्याची ठरावीक पातळी जगभर सक्तीची झाली. रेडिओवर नऊला 'नाइनर' म्हणतात, पाचला 'फाइफ', ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. म्हणजे फाडफाड इंग्रजी नको, स्पष्ट आणि मोजकं पाहिजे. आपल्या पोरांना गणित जमतं, पण तीन वर्षांच्या पदवीत इंग्रजीत चार वाक्यं बोलायची वेळच येत नाही. रोज अर्धा तास बोलायचा सराव घ्यायला कोणत्या जीआरची गरज आहे?

कुणी म्हणेल, देशभरात तीन-चारशे जागा, लाखो पोरं, आष्टीचं कोण लागणार? बरोबर आहे, सगळे लागणार नाहीत. पण तोच अभ्यास बँक, रेल्वे, स्टाफ सिलेक्शनलाही चालतो. डिप्लोम्याचा कागद कुठंच चालत नाही. आणि अकॅडमी वाईटच असं माझं म्हणणं नाही. काउंटरची, ग्राउंड स्टाफची नोकरी करायची तर जरूर जा. पण टॉवरच्या नावावर काउंटरचा कोर्स विकणं ही फसवणूकच. आणि ती छापणारा मीही त्यात आलो.

तर आपल्या भागातल्या प्राचार्यांना हात जोडून विनंती. ॲडमिशनच्या वेळी नोटीस बोर्डावर एक कागद लावा: कोणत्या विषयांवर कोणती केंद्रीय भरती. एवढंच. पालकांनो, पैसे भरण्याआधी भरतीची मूळ जाहिरात मागा, त्यात तुमच्या कोर्सचं नाव शोधा. नसेल तर उठून या.

त्या मुलीचं वय आज एकवीस. यंदा बीएस्सीला बसली तर चोविसाव्या वर्षी पदवी, पुढं तीन वर्षं हातात. परवा त्यांच्या घरी जाऊन हे सगळं कागदावर लिहून दिलं. ती म्हणाली, "काका, हे तेव्हा का नाही छापलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून इथं लिहिलं. बारावीचं पोरगं ज्याच्या घरात आहे त्याच्यापर्यंत पोहोचवा.