पैठण पायी वाचावे

मराठीच्या अभ्यासक्रमात पैठणचे नाव इतक्या वेळा येते की ते एक नांदते गाव आहे, याचाच विसर पडतो. सातवाहनांची राजधानी, हालाची 'गाथासप्तशती', चक्रधरांचे वास्तव्य, ज्ञानदेवांचा रेडा, एकनाथ : विद्यार्थी ही नावे पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होतात. कधी सहल निघालीच, तर बस नाथांच्या समाधीपाशी थांबते, मग धरण, मग पैठणीचे दुकान, आणि मुक्कामाला पन्नासेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर. साहित्याच्या अभ्यासकाने हे गाव निदान एकदा तरी पायी, वाटाड्यावाचून आणि हाती ग्रंथ घेऊन पाहावे, असे आमचे मत आहे.

वाटाड्या नको, तो खोटे सांगतो म्हणून नव्हे. तो प्रत्येक जागी एक चमत्कार सांगतो, आणि चमत्काराला शतक नसते. नागघाटावर रेड्याने वेद म्हटले, नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने कावडीने रांजण भरला. ऐकायला दोन्ही कथा गोड आहेत. पण त्या एका दमात ऐकल्या की तेरावे शतक आणि सोळावे शतक एकाच अंगणात येऊन बसतात. साहित्याच्या इतिहासाचे सारे काम या दोहोंमधले अंतर मोजण्याचे आहे, आणि पायी चालताना नेमके ते अंतर जाणवू लागते.

पहिली अडचण अशी की, ज्या वैभवासाठी आपण जातो ते दिसतच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचा उल्लेख आहे : भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि इथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून त्या बंदराकडे जात. टॉलेमीने हे नगर पुळुमावीची राजधानी म्हणून नोंदवले आहे. आज त्या राजधानीचे जमिनीवर उभे असे काही नाही. आहेत त्या मातीच्या टेकड्या आणि खापरे. १९९६ ते १९९९ या काळात भारतीय व ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन केले, त्यात विटांच्या जुन्या देवळांचे अवशेष मिळाले. पण ती देवळेही सातवाहनांनंतरची. राजवाडा शोधत आलेल्याची निराशा होते. ही निराशा आम्हाला फार उपयोगाची वाटते.

कारण त्यानंतर नदीकाठी बसून 'गाथासप्तशती' उघडली, की ध्यानात येते की तिच्यातही राजवाडा नाही. स. आ. जोगळेकरांची १९५६ची आवृत्ती बहुतेक ग्रंथालयांत सापडेल. तिच्यात गोदावरी आहे, तिचे काठ आहेत, शेते आहेत, नांगर धरणारा आहे, त्याची सून आहे, संकेतस्थळे आहेत. राजाच्या नावावर असलेल्या या संग्रहाने राजधानीकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे. आणि आम्ही वर्गांत 'सातवाहनकालीन नागर संस्कृतीचे दर्शन' असे टिपण लिहून देतो! ते दर्शन गाथांत किती आणि आमच्या टिपणांत किती, हा प्रश्न वर्गात सहसा पडत नाही. घाटाच्या पायरीवर पडतो.

नदीविषयीही एक गोष्ट तिथेच कळते. १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडीचे धरण गावाच्या अगदी वरच्या अंगाला आहे. म्हणजे घाटांपुढे वाहणारे पाणी धरणाच्या दरवाजांवर अवलंबून, आणि वरच्या बाजूचे गोदेचे जुने काठ नाथसागराच्या तळाशी. गाथांतली नदी पाहायची तर ती आता पानांतच पाहावी लागते.

मात्र पायी फिरणाऱ्याचा खरा सोबती दुसराच आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' हा आमच्या समजुतीप्रमाणे मराठीतला पहिला वाटाड्या-ग्रंथ. चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, जेवले, ती ठिकाणे त्यांच्या मागून आलेल्या अनुयायांना सापडावीत म्हणून चौदाव्या शतकात ही पोथी सिद्ध झाली. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला काय आहे, हे ती कोरड्या, मोजक्या वाक्यांत सांगते. अलंकार नाही, चमत्कार नाही. गद्याची इतकी निग्रही शिस्त पुढे कित्येक शतके मराठीत क्वचितच दिसली.

'लीळाचरित्रा'तही पैठणला मोक्याची जागा आहे. चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा 'एकांक' पैठणशी संपतो. इथे बाइसा भेटतात, आणि पुढे 'पूर्वार्ध' सुरू होतो. म्हणजे माणसांत राहून बोलणारे चक्रधर, ज्यांच्या बोलण्यातून मराठी गद्य उभे राहिले, ते या गावापासूनचे. तरीही सर्वसाधारण प्रवाशाच्या पैठणात त्यांना जागा नाही. याचे एक कारण उघड आहे : हे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या खटपटीने ते अभ्यासकांसमोर आले, आणि वि. भि. कोलत्यांचे संपादित 'लीळाचरित्र' तर १९७८चे. लोकस्मृती तोवर घडून गेली होती. पण विद्यापीठांची स्मृती तरी तिच्याच मागे का जाते, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालेले नाही.

गावातले नाथमंदिर, म्हणजे एकनाथांचा राहता वाडा, आणि नदीकाठचे बाहेरचे नाथमंदिर, म्हणजे समाधी, या दोहोंमधली वाट सावकाश चालावी. वाड्यात रांजण दाखवतात. नाथषष्ठीला, फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास, तो भरण्याची रीत अजून आहे. रांजणाला नमस्कार करावा, आमची हरकत नाही. पण ज्याने १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तो संपादक या गावचा. लोक सांगतात ती स्वप्नाची आणि अजानवृक्षाच्या मुळीची गोष्ट; प्रती जुळवीत बसलेल्या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही. ती सांगणे हे तरी मराठीच्या अध्यापकांचेच काम. त्याच माणसाने भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पैठणला सुरू केली आणि १५७३ साली काशीत पुरी केली. आणि भारुडांसाठी वासुदेव, जोशी, महारीण यांची बोली उचलली, ती अशाच गल्ल्यांतून.

षष्ठीच्या यात्रेत मात्र अभ्यासासाठी जाऊ नये. लाखोंच्या गर्दीत यात्रा पाहावी, गाव पाहता येत नाही. थंडीत, आडवारी, सकाळच्या एसटीने जावे. 'स्थानपोथी'तील पैठणची पाने आणि दहा-वीस गाथा आधी उतरवून घ्याव्यात, कारण पिशवीत जाड ग्रंथ असला की चालणे लवकर थांबते. पोथीतले एखादे देऊळ जागेवर सापडले नाही, तर त्या जागी आज काय आहे तेवढे वहीत लिहून घ्यावे : घर, दुकान, उकिरडा, जे असेल ते.