विसरण्याचा हिशेब कोण ठेवणार?
उज्जैनच्या मराठी घरांतही आजोबा घरचा रस्ता चुकले की ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. पण 2023 च्या अभ्यासानुसार देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. जगाचा 2019 चा खर्च 1.3 लाख कोटी डॉलर. त्यातला जवळपास निम्मा म्हणजे घरच्यांनी केलेली बिनपगारी सेवा. नोकरी सोडलेली सून कुठल्या ताळेबंदात दिसते?

लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा वगैरे सांभाळल्यास 45 टक्क्यांपर्यंत रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील. बंगळुरूचं मेंदू संशोधन केंद्र कोलारच्या खेड्यांत वर्षानुवर्षं पाहणी करतंय. मग माळव्यात का नको? 2028 च्या सिंहस्थासाठी घाट-रस्ते हवेतच. पण आजार दोन वर्षं लांबला, तर घरची दोन वर्षांची कमाई वाचते. आम्ही कॉमर्सवाले याला गुंतवणूक म्हणतो.