तुरुंगात जन्मलेली टोळी शहरावर राज्य कशी करते? ब्राझीलच्या 'पीसीसी'ची गोष्ट

ब्राझीलमधल्या अनेक तुरुंगांत नवा कैदी आला की नाव, पत्ता, गुन्हा लिहून घेतल्यावर त्याला आणखी एक गोष्ट विचारली जाते. कुठल्या टोळीचा?

'कुठल्याच नाही' असं उत्तर दिलं तरी सुटका नसते. रिओ दि जानेरोमध्ये तर तो राहतो त्या वस्तीवर कोणाचा ताबा आहे, यावरून त्याची बरॅक ठरते. कारण उघड आहे. चुकीच्या बरॅकमध्ये टाकला तर तो सकाळपर्यंत जिवंत राहीलच याची खात्री तुरुंग प्रशासन देऊ शकत नाही.

म्हणजे मोबाइल चोरताना पकडलेला, अजून खटलाही न चाललेला वीस वर्षांचा मुलगा आत जातो आणि सरकारी कागदावरच एका टोळीच्या खात्यात जमा होतो. ब्राझीलमधल्या तुरुंगातल्या टोळ्या इतक्या मोठ्या कशा झाल्या, याचं अर्धं उत्तर या एका प्रश्नात आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात कुठून झाली?

१९६४ ते १९८५ या काळात ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. रिओच्या किनाऱ्याजवळ इल्या ग्रांदे नावाचं बेट आहे. तिथल्या तुरुंगात १९७० च्या दशकात सरकारने दोन प्रकारचे कैदी एकत्र ठेवले. एक, राजवटीविरोधात लढणारे डावे राजकीय कैदी. दुसरे, बँका लुटणारे साधे गुन्हेगार. बँक लुटणं हा तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखालचा गुन्हा होता, म्हणून दोघांची रवानगी एकाच ठिकाणी.

राजकीय कैद्यांची एक शिस्त होती. घरून आलेलं सामान वाटून घ्यायचं, मागण्या एकत्र मांडायच्या, आपापसात चोरी-मारामारी करायची नाही. दरोडेखोरांनी ही शिस्त जवळून पाहिली. पुढे राजकीय कैदी सुटले. राजकारण त्यांच्याबरोबर गेलं, संघटना मात्र मागे राहिली. त्यातून उभी राहिली 'कोमांदो वर्मेल्यो', म्हणजे लाल तुकडी. ती आजही रिओतली सर्वांत ताकदवान टोळी आहे.

दुसरी आणि आज देशातली सर्वांत मोठी टोळी साओ पावलोतली. तिच्या जन्माला एक हत्याकांड कारण ठरलं.

कारांदिरूमध्ये काय घडलं होतं?

२ ऑक्टोबर १९९२. साओ पावलो शहरातल्या कारांदिरू तुरुंगात तेव्हा सात हजारांहून अधिक कैदी कोंबलेले होते. नऊ नंबरच्या इमारतीत कैद्यांमध्ये भांडण झालं आणि दंगल पेटली. लष्करी पोलिसांची तुकडी आत शिरली. ती बाहेर आली तेव्हा १११ कैदी मेले होते. पोलिसांपैकी एकाचाही मृत्यू झाला नव्हता. त्या इमारतीत बहुतेक पहिल्यांदाच तुरुंगात आलेले लोक होते आणि अनेकांचे खटले अजून संपलेले नव्हते.

बहुतेक पोलिसांना शिक्षा सुनावली जायला वीस वर्षं लागली. २०१३-१४ मध्ये सत्तरहून अधिक पोलीस दोषी ठरले. पुढे अपिलांचा घोळ सुरू राहिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी त्यांना माफी देणारा आदेश काढला.

हत्याकांडानंतर अकरा महिन्यांनी, ३१ ऑगस्ट १९९३ रोजी, साओ पावलो राज्यातल्याच तौबाते इथल्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात आठ कैद्यांनी एक गट स्थापन केला. निमित्त होतं कैद्यांच्या फुटबॉल सामन्याचं. राजधानीतून आलेल्या कैद्यांचा संघ, म्हणून नाव ठेवलं 'प्रिमेइरो कोमांदो दा कापिताल', म्हणजे राजधानीची पहिली तुकडी. थोडक्यात पीसीसी. पोर्तुगीजच्या जुन्या वर्णमालेत 'पी' पंधरावं अक्षर आणि 'सी' तिसरं, म्हणून भिंतींवर आणि टॅटूंमध्ये १५-३-३ हा आकडा दिसतो.

या गटाने स्वतःची लेखी घटना केली आणि तिच्यात कारांदिरूच्या १११ मृतांचा उल्लेख आहे. पुन्हा असं होऊ द्यायचं नसेल तर कैद्याने कैद्याला मारायचं नाही आणि सगळ्यांनी मिळून व्यवस्थेशी लढायचं, हा त्यांचा दावा. शांतता, न्याय, स्वातंत्र्य हे घोषवाक्य त्यांनी कोमांदो वर्मेल्योकडूनच घेतलं.

कैदी टोळीत का जातात?

भीतीपोटी, हे पहिलं उत्तर. पण ते पुरेसं नाही.

अमेरिकेतले अभ्यासक डेव्हिड स्कारबेक यांनी कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांबद्दल एक मुद्दा मांडला आहे, तो इथेही लागू पडतो. तुरुंग लहान असतो तेव्हा कैदी एकमेकांना ओळखतात. कोण शब्द पाळतो, कोण चुगल्या करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अलिखित नियमांवर भागतं. कैद्यांची संख्या फुगली, रोज अनोळखी चेहरे येऊ लागले की हे नियम कोलमडतात. उधारी कोण वसूल करणार? मारहाण झाली तर दाद कोणाकडे मागायची? प्रशासन हे करत नसेल तर ते काम टोळी करते.

ब्राझीलमध्ये नेमकं हेच झालं. १९९० मध्ये देशात साधारण ९० हजार कैदी होते. २०१४ पर्यंत हा आकडा सहा लाखांच्या पुढे गेला. २००६ मध्ये अमली पदार्थांचा नवा कायदा आला. त्यात स्वतःपुरतं बाळगणारा आणि विकणारा यांतला फरक आकड्यांत सांगितला नव्हता. पकडणाऱ्या पोलिसाच्या आणि न्यायाधीशाच्या नजरेवर सगळं अवलंबून राहिलं. गरीब वस्त्यांतली पोरं थोडासा माल सापडला तरी विक्रेते म्हणून आत जाऊ लागली.

आत गेल्यावर साबण, औषध, झोपायला जागा, वकील, घरच्यांना भेटीला यायचं बसभाडं, यातलं काहीही सरकारकडून वेळेवर मिळेल याची शाश्वती नाही. पीसीसी ते देते. त्याबदल्यात निष्ठा मागते. सुटल्यावर ही उधारी फेडायची असते, बहुतेक वेळा गुन्हा करूनच.

पीसीसी चालते कशी?

चित्रपटांतल्या टोळीसारखी एका 'भाई'च्या शब्दावर ती चालत नाही. २००२ च्या सुमारास संस्थापकांमध्येच फूट पडली, काही मारले गेले, काहींना हाकललं गेलं. त्यानंतर मार्कोस कामाशो उर्फ 'मार्कोला' हे नाव पुढे आलं. याच काळात टोळीची रचना बदलली. एका माणसाच्या हातात सगळं ठेवण्याऐवजी कामं विभागली गेली.

या प्रत्येक विभागाला 'सिंतोनिया' म्हणतात. रेडिओची सुई बरोबर जुळावी, तसा जुळलेला गट असा त्याचा अर्थ. कोणी पैशांचा हिशेब बघतं, कोणी कैद्यांच्या कुटुंबांना मदत पोचवतं. वकिलांच्या विभागाचं टोपणनाव आहे 'टाय'. दीक्षा घेतलेले सदस्य एकमेकांना 'भाऊ' म्हणतात. बाहेरच्या सदस्याने दरमहा वर्गणी द्यायची, तिला 'कांदा' म्हणतात. तुरुंगातून तुरुंगात आणि बाहेर वस्त्यांपर्यंत जाणाऱ्या आदेशाला म्हणतात 'साल्वी'.

नियम कडक आहेत. आपल्या ताब्यातल्या तुरुंगात बलात्कार चालणार नाही, क्रॅक हे अमली पदार्थ चालणार नाही. भांडण झालं तर दोन्ही बाजू ऐकून 'चर्चा' होईल. कोणाला मारायचं असेल तर वरून परवानगी लागेल. या 'कोर्टां'ना मानवी हक्कांचं सोयरसुतक नाही, शिक्षा मृत्यूचीही असते. तरी खऱ्या कोर्टात वर्षानुवर्षं तारीख न मिळणाऱ्याला तिथे निदान निकाल मिळतो.

ताकद कधी दिसली?

१८ फेब्रुवारी २००१ रोजी, भेटीच्या रविवारी, साओ पावलो राज्यातल्या २९ तुरुंगांत एकाच वेळी बंड झालं. समन्वय मोबाइल फोनवरून. तोपर्यंत सरकार अशी टोळी अस्तित्वात आहे हेच मान्य करायला तयार नव्हतं.

त्याहून मोठा धक्का मे २००६ मध्ये बसला. सरकारने शेकडो संशयित सदस्यांना एका कडक तुरुंगात हलवलं. १२ मेपासून ७० हून अधिक तुरुंगांत बंड आणि बाहेर पोलीस चौक्यांवर हल्ले सुरू झाले. बस जाळल्या गेल्या, दुकानं, शाळा बंद झाल्या. देशातलं सर्वांत मोठं शहर ठप्प झालं. पोलिसांनीही सूड उगवला. त्या दहा-बारा दिवसांत ५०० हून अधिक लोक मेले. त्यातले बहुतांश सामान्य नागरिक होते.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९९९ च्या सुमारास साओ पावलो राज्यात दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ३५ खून होत. पुढच्या दशकात हा दर दहाच्या आसपास आला. सरकार याचं श्रेय सुधारलेल्या पोलीस यंत्रणेला देतं. वस्त्यांमध्ये काम करणारे अनेक अभ्यासक म्हणतात की परवानगीशिवाय खून करायचा नाही हा पीसीसीचा नियम तुरुंगाबाहेर लागू झाला, हेही एक मोठं कारण आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण शहरातली शांतता कोणाच्या मर्जीवर टिकून आहे, हा प्रश्न अभ्यासकांना गंभीरपणे विचारावा लागतो, यातच सगळं आलं.

मग दोन टोळ्यांमध्ये वैर का आलं?

वीसेक वर्षं पीसीसी आणि कोमांदो वर्मेल्यो मित्र होत्या. एकीचं क्षेत्र साओ पावलो, दुसरीचं रिओ. बिघडलं ते धंद्यावरून. ब्राझीलमध्ये कोकेन पिकत नाही, पण कोकेन पिकवणारे तिन्ही देश, म्हणजे कोलंबिया, पेरू आणि बोलिव्हिया, त्याचे शेजारी आहेत. सांतोससारख्या बंदरांतून माल युरोपात जातो. सीमेवरचे रस्ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात पैसा.

जून २०१६ मध्ये पॅराग्वेच्या सीमेवरचा बडा तस्कर जोर्जे राफात याला हेवी मशीनगनने मारण्यात आलं. तिथला मार्ग पीसीसीकडे गेल्याचं मानलं जातं. त्याच वर्षाच्या अखेरीस मैत्री तुटली. लढाई झाली ती पुन्हा तुरुंगांतच.

१ जानेवारी २०१७ रोजी ॲमेझॉनमधल्या मनाऊस शहरातल्या तुरुंगात कोमांदो वर्मेल्योशी तेव्हा हातमिळवणी असलेल्या स्थानिक टोळीने ५६ कैदी मारले. त्यांत पीसीसीशी जोडलेले अनेक होते. पाचच दिवसांनी रोराइमा राज्यात, पीसीसीचं वर्चस्व असलेल्या तुरुंगात ३३ जण मारले गेले. आठवड्याभराने नाताल शहराजवळ २६. जुलै २०१९ मध्ये अल्तामिरा इथे आणखी ५८.

सरकारने उपाय म्हणून काय केलं? टोळीनुसार कैदी वेगळे केले. जीव वाचवायला ते गरजेचंही होतं. पण त्यामुळे संपूर्ण तुरुंगच एकेका टोळीच्या नावावर झाले. भरतीसाठी टोळीला बाहेर जावं लागत नाही, माणसं सरकार आणून देतं.

आज काय स्थिती आहे?

फेब्रुवारी २०१९ मध्ये मार्कोलाला केंद्र सरकारच्या तुरुंगात हलवलं. टोळी थांबली नाही. सरकारी वकिलांच्या अंदाजानुसार पीसीसीचे सदस्य हजारोंच्या घरात आहेत, चाळीस हजारांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये तपास यंत्रणांनी पेट्रोल पंप, इंधन कंपन्या आणि साओ पावलोच्या वित्तीय बाजारातल्या फंडांवर छापे घातले. टोळीचा पैसा तिथपर्यंत पोचल्याचा आरोप आहे.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी रिओमध्ये कोमांदो वर्मेल्योविरुद्ध मोठी पोलीस कारवाई झाली. तेव्हाच्या सरकारी आकड्यानुसार १२१ जण मेले, त्यात चार पोलीस. कारांदिरूपेक्षाही मोठा आकडा. एका हत्याकांडातून टोळी जन्मली हे ठाऊक असलेल्या देशात, मग इतक्या मृत्यूंमधून काय जन्मेल, हा प्रश्न तिथे विचारला जातोय.

आपल्यासाठी यात काय?

भारतात पीसीसीसारखी तुरुंगातच जन्मलेली आणि देशभर पसरलेली संघटना नाही. पण ती ज्या मातीत उगवली, ती ओळखीची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतीय तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते आणि दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे अजून दोषी न ठरलेले.

टोळ्यांचं वैरही भिंतीआड थांबत नाही. अबू सालेमवर आर्थर रोडमध्ये २०१० साली आणि तळोजात २०१३ साली हल्ले झाले. मे २०२३ मध्ये दिल्लीच्या तिहारमध्ये टिल्लू ताजपुरिया या गुंडाला विरोधी टोळीच्या कैद्यांनी भोसकून मारलं. आपल्याकडेही उपाय म्हणून टोळ्या वेगवेगळ्या बरॅकमध्ये ठेवल्या जातात.

ते टाळता येणार नाही. पण ब्राझीलचा अनुभव सांगतो की खरा धोका बड्या गुंडाच्या कोठडीत नसतो. तो असतो शेजारच्या खचाखच भरलेल्या बरॅकमध्ये. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत राहिलेल्या, वकील न मिळालेल्या, पहिल्या रात्री झोपायला जागा शोधणाऱ्या मुलाला ती जागा कोण देतं, यावर तो बाहेर पडताना कोणाचा असेल हे ठरतं.