मण्यारीचा दंश : निपचित म्हणजे मृत नव्हे

पावसाळा लागला की खेडोपाडी सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. नाग किंवा घोणस यांच्या दंशाची जागा सुजते, ठणकते; त्यामुळे रुग्ण लगेच दवाखाना गाठतो. मण्यारीचे तसे नाही. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोबडी वळते आणि श्वास मंदावतो. घरची मंडळी याला अपचन किंवा बाहेरची बाधा समजतात.

खरा घोटाळा पुढेच होतो. या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना इजा होते व स्नायू लुळे पडतात. रुग्ण बोटही हलवू शकत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला दाद देत नाहीत. मेंदू मृत झाला असेच वाटते. प्रत्यक्षात रुग्ण आतून जागा असू शकतो. उशाशी चाललेले बोलणे त्याला ऐकू येत असते!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, नुसत्या बाहुल्या पाहून 'आता काही उरले नाही' असे कोणीही, डॉक्टरांनीसुद्धा, म्हणू नये. नातेवाइकांनीही रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये. सर्पविषावरचे इंजेक्शन लवकर द्यायलाच हवे. परंतु आधीच झालेली इजा ते भरून काढत नाही. ती भरून येईपर्यंत, कित्येक दिवससुद्धा, श्वास चालू ठेवणे हाच उपचार. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने दाबायच्या रबरी फुग्यानेही श्वास देता येतो. हा फुगा आणि तो वापरण्यास शिकलेला माणूस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व रुग्णवाहिकेत असलाच पाहिजे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले. ते गाठायचे तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

वाचकहो, पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या पडू लागल्या तर कडुनिंबाचा पाला चावायला देत बसू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. तोंडाने काही देऊ नका. रुग्णाला कुशीवर निजवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. आणि रात्री शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा.