स्वस्त माल, महाग पडलेला

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हाताने केलेल्या माळा-कुड्या विकायच्या, तर कच्चा माल स्वस्तच हवा. पण स्वस्त म्हणजे काय? मुंबईहून एकदा मी सर्वांत कमी भावाचे हूक आणले. आपल्या खाऱ्या, दमट हवेत महिन्याभरात काळे पडले. गिऱ्हाइकांनी बोल लावला तो मला, त्या घाऊक व्यापाऱ्याला नव्हे.

तेव्हापासून आधी डझनभर हूक, पावशेर मणी घेते. हूक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, मणी ओल्या पांढऱ्या कपड्यावर घासून पाहते. मगच मोठी खरेदी. फुटके मणी, बिनभोकाचे मणी मुकाट बदलून देणारा, पक्की पावती देणारा व्यापारी किलोमागे चार पैसे जास्त घेईना का, माझ्या मते तोच खरा स्वस्त. रंगवलेली काच खंबातचा अकीक म्हणून गळ्यात मारणाऱ्याशी घासाघीस करून काय मिळणार?