परदेशातले मस्टर

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालो आणि टेबलाला चिकटलो ते आजतागायत. त्यामुळे वस्तीत कोणाचा कागद अडला की लोक आमच्याकडे येतात. रविवारी विहारातील बैठक आटोपून घरी यावे तो दारात कोणी ना कोणी उभे असते. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज. आताशा त्या कागदांत एक नवा कागद येऊ लागला आहे. ज्यांच्या आजोबांनी अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात, शहाडच्या रेयॉनमध्ये किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत पाळ्या केल्या, त्यांची नातवंडे आज दुबईत आहेत, कॅनडात आहेत. उल्हासनगरच्या सिंधी व्यापारी घरांना परदेशाची वाट जुनीच ठाऊक. आपल्या घरांना ती आता कुठे सापडली आहे. म्हणून या वेळी त्याच वाटेवरचा एक अनुभव सांगतो.

२८ जानेवारी २०२४ ची गोष्ट. रविवार होता. बदलापूरचे आमचे एक जुने स्नेही, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलाला घेऊन आले. मुलगा इंजिनिअर, कॅनडात कायम रहिवासाचा परवाना मिळवलेला. ‘जयभीम काका’ म्हणून तो बसला आणि खिशातून एक कार्ड काढून त्याने टेबलावर ठेवले. पी. आर. कार्ड. मुदत ऑगस्ट २०२४ पर्यंत.

‘‘काका, हे संपत आलंय. आईचं ऑपरेशन २० फेब्रुवारीला आहे. ते झालं, तिला जरा उठूबसू दिलं, की एप्रिल-मेमध्ये जाईन आणि नवं कार्ड काढीन. चालेल ना?’’

वहिनींच्या हृदयाची शस्त्रक्रिया कल्याणला ठरली होती. साखर आटोक्यात येईना म्हणून तारीख दोनदा पुढे गेली होती. मुलगा ऑक्टोबरपासून आईजवळ होता, घरूनच कॉम्प्युटरवर कंपनीचे काम करीत होता. वरवर पाहता त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. परंतु कार्डावरची तारीख आणि खरा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही आधीच्या एका प्रकरणात शिकलो होतो. आम्ही शंभर पानी वही काढली आणि म्हणालो, ‘‘आधी तुझं मस्टर भरू.’’

कॅनडाचा कायदा असा आहे. २००२ साली अंमलात आलेल्या तिथल्या स्थलांतर कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे कायम रहिवाशाने दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात असले पाहिजे. दिवस सलग असण्याची गरज नाही. तुकड्यातुकड्यांनी भरले तरी चालतात. ज्या दिवशी माणूस तिथे उतरला आणि ज्या दिवशी निघाला, ते दोन्ही दिवस हजेरीत धरतात. कार्डाची मुदत साधारण पाच वर्षांची असते, पण कार्ड म्हणजे हक्क नव्हे. गेटपासची मुदत संपली म्हणून कामगाराची नोकरी जात नाही, तसेच हे. कार्ड संपले तरी रहिवास आपोआप जात नाही. तो जातो तो हजेरी कमी भरली आणि अधिकाऱ्याने तसा निर्णय दिला, तर. मात्र कार्डाशिवाय विमानात बसता येत नाही आणि नवे कार्ड मागायचे तर अर्जदार कॅनडात हजर असावा लागतो.

मुलाने दोन्ही पासपोर्ट पुढे ठेवले. शिक्के पाहत आम्ही एकेक ओळ लिहीत गेलो. १० जून २०१९ ला तो टोरांटोला उतरला. त्या वर्षाचे दिवस २०५. २०२० हे सबंध वर्ष कोरोनामुळे तिथेच गेले, ते ३६६. बेरीज ५७१. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो भारतात यायला निघाला. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो पुण्यात होता. मधल्या काळात कामासाठी टोरांटोच्या ज्या फेऱ्या झाल्या, त्यांचे दिवस ४१. म्हणजे एकूण ६१२.

‘‘पण काका, पुण्यातही मी आमच्याच कंपनीचं काम करत होतो,’’ मुलगा म्हणाला.

इथेच खरी मेख आहे. कॅनडातील कंपनीचा पूर्णवेळ नोकर असेल आणि त्या कंपनीनेच त्याला बाहेरच्या कामावर पाठवले असेल, तर ते दिवस कॅनडात काढल्यासारखेच धरतात. मग ते काम कंपनीच्या परदेशी शाखेत असो वा एखाद्या गिऱ्हाइकाकडे. पण या मुलाने टोरांटोच्या नोकरीचा राजीनामा देऊन पुण्याच्या कंपनीचे नवे नियुक्तिपत्र घेतले होते. पाटीवरचे नाव एक, पण मालक कागदोपत्री वेगळा. ते दिवस गेले. आईजवळ बसून केलेले कामही त्याच जातीचे. ती कंपनीने दिलेली परवानगी होती, कंपनीने नेमून दिलेली कामगिरी नव्हती.

उरले दुबईचे दिवस. मार्च ते सप्टेंबर २०२३ असे २१४ दिवस टोरांटोच्या कंपनीने, टोरांटोच्याच पगारावर, त्याला दुबईतील गिऱ्हाइकाकडे पाठवले होते. हे धरले तर ६१२ आणि २१४ मिळून ८२६. मग मुलाने खुशाल मे महिन्यात जावे. नाही धरले तर ११८ दिवस कमी. त्याची पाच वर्षे ९ जूनला भरत होती. आम्ही बोटे मोजून मागे आलो. फेब्रुवारीचे १७, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ९. बरोबर ११८. म्हणजे १३ फेब्रुवारीच्या आत त्याचे पाऊल कॅनडात पडले पाहिजे. शस्त्रक्रिया २० तारखेला.

आमचे स्नेही इतका वेळ गप्प होते. ते एवढेच म्हणाले, ‘‘म्हणजे सात दिवसांचाच फरक?’’

सगळे एका पत्रावर अडले होते. कंपनीच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. हा आमचा कायम, पूर्णवेळ नोकर आहे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्हीच त्याला दुबईला पाठवले. त्या काळात तो आमच्याच हुकमतीखाली आणि पगारावर होता. आणि काम संपल्यावर त्याची जागा कॅनडात राखून होती. मुलाने त्याच रात्री कंपनीला लिहिले. ९ फेब्रुवारीला उत्तर आले. दोन ओळींचे. ‘हे गृहस्थ आमच्याकडे काम करतात’, बस्स. दुबईचा उल्लेख नाही, तारखा नाहीत. पुन्हा लिहिले तर सांगण्यात आले, सविस्तर पत्राला तीन आठवडे लागतील.

त्या संध्याकाळी आम्ही बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. आम्ही त्यांना दुसरी बाजूही सांगितली, कारण ती लपवणे योग्य नव्हते. दिवस कमी भरले तरी माणुसकीच्या कारणांचा विचार कायद्यात आहे, आणि आईचे आजारपण हे तसे कारण ठरू शकते. कार्ड संपल्यावर माणूस बाहेर अडकला, तर व्हिसा कार्यालयाकडे प्रवासाचा वेगळा कागद मागता येतो. तो नाकारला तर साठ दिवसांत अपील करता येते. पण हे सगळे मागून मिळवायचे. पदरात पडेलच याची हमी कोणी देत नाही.

वहिनी पलंगावर बसून ऐकत होत्या. कागदातले त्यांना फारसे कळले नसेल, पण नेमके विचारले त्यांनीच. ‘‘भाऊ, हा थांबला तर माझं ऑपरेशन चांगलं होईल असं डॉक्टर म्हणालेत का?’’

आम्ही म्हणालो, ‘‘तसं नाही वहिनी.’’

‘‘मग जाऊ द्या त्याला. यांनी माझ्या तिन्ही बाळंतपणांत पाळी चुकवली नाही. खाडा पडला तर खायचं काय? हा पण कामाचाच माणूस आहे.’’

मुलगा उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही.

११ फेब्रुवारीच्या रात्री तो निघाला. १२ तारखेला टोरांटोला उतरला. आमच्या वहीप्रमाणे ९ जूनपर्यंतचे त्याचे दिवस ७३१ भरत होते. एक दिवस हाताशी. २० तारखेला कल्याणच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आमचे स्नेही, त्यांची लेक, आमच्या सौ. आणि आम्ही असे चौघे बसलो होतो. लेकीच्या हातातला फोन सारखा वाजत होता. तिकडे मध्यरात्र होती आणि तो जागा होता. वहिनी सुखरूप बाहेर आल्या.

आणि ४ मार्चला कंपनीचे ते सविस्तर पत्र आले. चारही गोष्टी अगदी हव्या तशा. तेच पत्र घेऊन मुलाने लगेच अर्ज केला, सर्व दिवस धरले गेले आणि उन्हाळ्यात नवे कार्ड हाती आले. दिवाळीत तो आईला भेटून गेला. शेवट गोड झाला असे लोक म्हणतात. आम्हांला मात्र अजून चुटपुट आहे. ते पत्र दुबईला निघतानाच, मार्च २०२३ मध्ये, मागून ठेवले असते तर २० फेब्रुवारीला त्या बाकावर मुलगा बसला असता. कायदा आडवा आला नव्हता. वेळेवर न घेतलेला कागद आडवा आला होता.

म्हणून परदेशी असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना आमची विनंती आहे की पुढील गोष्टी मुलांना सांगा. कामासाठी दुसऱ्या देशात जाण्यापूर्वी कंपनीचे पत्र हातात घ्या. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यातले शिक्के हाच आपला पुरावा. पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार, आयकराचे कागद वर्षवार लावून ठेवा. जाण्यायेण्याची प्रत्येक तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. आणि एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. पाच वर्षे पुरी झाल्यावर हा हिशेब सरकत राहतो. अर्जाच्या दिवसापासून मागची पाच वर्षे मोजतात. म्हणजे मुलगा बाहेर असेल तर सुरुवातीच्या हजेरीचे दिवस रोज एकेक करून गळत जातात. विमानतळावर कोणी ‘हक्क सोडतो’ अशा कागदावर सही मागितली, तर न वाचता सही करू नये. अपिलाचा रस्ता आहे.

देशोदेशीचे नियम निराळे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्याला वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी अमेरिकेत असतानाच पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. आखातात तर आपल्या कामगाराला कायम रहिवास असा नसतोच. संयुक्त अरब अमिरातीचा साधा रहिवास सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास रद्द होतो. सौदीतून सुटीवर येणाऱ्याने परतीच्या व्हिसाची तारीख चुकवता कामा नये. अंबरनाथच्या आय. टी. आय. मधून फिटर-वेल्डर होऊन आखातात गेलेल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

स्टेशनाबाहेर ‘कॅनडा पी. आर.’च्या पाट्या आपण पाहतो. पैसे मोजण्यापूर्वी समोरचा माणूस कॅनडाच्या अधिकृत सल्लागार संस्थेचा सभासद किंवा तिथला वकील आहे का, ते विचारा. नूतनीकरणाची सरकारी फी ५० डॉलर आहे. दिवसांचा हिशेब तर आपल्या मुलीही वहीत करतील.

बाबासाहेबांनाही हा प्रसंग आला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परंतु निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेतली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२०च्या जुलैत, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. परतीचा हक्क निघतानाच मागून घ्यायचा असतो, हे त्यांच्याकडूनच शिकावे.

वहिनी आता रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘भाऊ, त्याची वही मीच ठेवली आहे. फोन आला की आधी विचारते, आज कुठे आहेस? मग जेवलास का ते.’’